हवा दिसत नाही, मग ती ॲबस्ट्रॅक्ट नाउन का नाही?

ऐरोलीहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी सातवीत, सेमी-इंग्रजीला. वर्गात ॲबस्ट्रॅक्ट नाउनची, म्हणजे आपल्या भाववाचक नामाची, व्याख्या मिळाली: 'जे दिसत नाही आणि ज्याला हात लावता येत नाही, ते.' परीक्षेत पाच उदाहरणं विचारली. तिने लिहिलं: 'एअर', 'इलेक्ट्रिसिटी', 'घोस्ट', 'फिअर', 'ड्रीम'. पहिल्या तिन्हींवर लाल फुली. घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला हवा दिसते का?" बाबा गप्प. शेवटी त्यांनी स्वतःचंही एक दुखणं जोडलं आहे. महापेच्या कंपनीत ते ईमेल लिहितात, आणि 'इन्फर्मेशन्स', 'ॲडव्हायसेस' असं लिहिल्याबद्दल साहेबांनी चारचौघांत टोकलं. त्याचा ह्या धड्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि बराच जवळचा आहे. पण आधी लेकीचं बघू.

मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या मुलांना सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता नौपाड्यात घरीच चार-सहा मुलं येतात. ह्या काळात 'हवा का नाही' हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारला आहे, आणि विचारणारं पोर बहुतेक वेळा वर्गातलं हुशार पोर असतं. तुमची मुलगी चुकलेली नाही. तिने दिलेली व्याख्या प्रामाणिकपणे लावून बघितली आणि ती तुटली. दोष व्याख्येचा आहे.

ती दोन्ही बाजूंनी तुटते, ही खरी गंमत आहे. हवा दिसत नाही तरी ती ॲबस्ट्रॅक्ट नाही, ही एक बाजू. आता दुसरी बघा. आपल्या ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो असतात. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेला. ऐरोलीची मुलगी म्हणजे तिने ते पक्षी पाहिलेच असणार. तिला विचारा: फ्लेमिंगो दिसतो? दिसतो. त्यांचा थवा? दिसतो. आणि त्यांचा गुलाबीपणा? तो तर सगळ्यात आधी दिसतो! पण 'गुलाबीपणा', इंग्रजीत 'पिंकनेस', हे पक्कं भाववाचक नाम आहे. वाशीच्या पुलाची लांबी, खारघरच्या टॉवरची उंची, पाम बीच रोडवरच्या गाड्यांचा वेग, हे सगळं दिसतं, मोजता येतं, वेगाबद्दल तर दंडाची पावतीही मिळते. तरी 'लेंग्थ', 'हाइट' आणि 'स्पीड' ॲबस्ट्रॅक्टच. तेव्हा डोळे आणि हात ह्यांना ह्या प्रश्नातून रजा द्या.

मग कसोटी कोणती? आपल्या मराठी व्याकरणाकडे त्यासाठी दोन नेमके शब्द आहेत, आणि इंग्रजीच्या तासाला ते कुणी वापरत नाही ह्याचं मला कायम वाईट वाटतं: धर्मी आणि धर्म. इथे धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे, 'गुणधर्म' शब्दातला धर्म. ज्याच्या अंगी गुण असतो तो धर्मी. त्याच्या अंगचा गुण, अवस्था किंवा त्याची क्रिया हा धर्म. सामान्यनाम आणि विशेषनाम ही धर्मिवाचक, भाववाचक नाम हे धर्मवाचक. फ्लेमिंगो धर्मी, गुलाबीपणा त्याचा धर्म. पूल धर्मी, लांबी त्याचा धर्म. आजी धर्मी, माया तिचा धर्म.

लहान मुलांना मी हे असं सांगते. समजा घरातली सगळी माणसं लग्नाला गेली, घराला कुलूप. आत काय राहिलं? टेबल राहिलं. हवा राहिली. मेन स्विच चालू असेल तर वीजही राहिली. भूत असेलच तर तेही राहिलं, उलट त्याला मोकळं रान. पण भीती? ती माणसांबरोबर गेली. घाबरणारा कुणी नसेल तर भीती घरात एकटी बसून राहू शकत नाही. राग, आळस, हुशारी, कंटाळा, ह्यांपैकी काहीच मागे राहत नाही. जे स्वतःच्या पायावर उभं राहतं ते काँक्रीट. ज्याला उभं राहायला दुसऱ्या कुणाचं अंग लागतं ते ॲबस्ट्रॅक्ट. भूत खरं की खोटं हा वाद व्याकरणाचा नाही. भाषा भुताला एक स्वतंत्र असामी मानते, तेवढं पुरे. देव, परी, राक्षस, ह्यांचंही तेच.

ह्या दोन इंग्रजी शब्दांची मूळं सांगितली की मोठी मुलं खूश होतात. 'ॲबस्ट्रॅक्ट' आला लॅटिनमधून. त्याचा अर्थ 'ओढून बाजूला काढलेलं'. ओढण्याचा तोच धातू 'ट्रॅक्टर'मध्ये आहे. 'काँक्रीट'चं मूळ 'एकत्र वाढलेलं, घट्ट एकजीव झालेलं' असं. सिमेंट, वाळू आणि खडी एकजीव झाली की बिल्डर ज्याला काँक्रीट म्हणतो, तोच हा शब्द. फ्लेमिंगोत पक्षी आणि त्याचा रंग एकजीव असतात. आपण मनातल्या मनात ट्रॅक्टर लावून रंग तेवढा ओढून काढतो आणि त्याला वेगळं नाव देतो. झालं भाववाचक नाम.

आता हे ओढून काढणं इंग्रजी कसं करते ते बघू, कारण पेपरात 'पुढील शब्दांची ॲबस्ट्रॅक्ट नाउन लिहा' हा प्रश्न हमखास असतो आणि मुलं तिथे पाठांतराने मरतात. पाठांतर अजिबात लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे मराठीचा तयार सांगाडा आहे, तो वापरला तर निम्मं ओझं उतरतं.

मराठीत 'पणा' हा प्रत्यय बघा. कशालाही लागतो. वेंधळा, वेंधळेपणा. खवचट, खवचटपणा. आगाऊ, आगाऊपणा. इंग्रजी शब्दही त्याला चालतात: 'स्मार्टपणा', 'बोअरपणा'. पण 'ता', 'त्व', 'य' हे सोवळ्यातले प्रत्यय, ते संस्कृत शब्दांनाच लागतात. गंभीर, गांभीर्य. नम्र, नम्रता. 'वेंधळता' कुणी म्हणत नाही, म्हटलं तर आपण हसतो. इंग्रजीत अगदी हीच मांडणी आहे. 'नेस' हा त्यांचा घरचा, जुना प्रत्यय. तो 'पणा'सारखा कुणाच्याही गळ्यात पडतो: 'काइंडनेस', 'सॅडनेस', 'लेझीनेस', 'पिंकनेस'. आणि 'इटी' हा लॅटिन-फ्रेंच घराण्यातला. तो बहुतेक त्याच घराण्यातल्या शब्दांना लागतो आणि लागताना शब्दाचा उच्चारही थोडा वाकवतो: 'स्टुपिड'वरून 'स्टुपिडिटी', 'पॉसिबल'वरून 'पॉसिबिलिटी', 'क्युरिअस'वरून 'क्युरिऑसिटी', 'जनरस'वरून 'जनरॉसिटी'. शेवटच्या दोघांच्या स्पेलिंगमध्ये 'ओ'नंतरचा 'यू' गळतो, तिथे गुण जातात, जपायचं.

तिसरा गट मुलांना सगळ्यात विचित्र वाटतो: 'स्ट्राँग'चं 'स्ट्रेंग्थ', 'लाँग'चं 'लेंग्थ', 'वाइड'चं 'विड्थ', 'डीप'चं 'डेप्थ'. आतला स्वरच बदलतो! तेव्हा मी फळ्यावर लिहिते: सुंदर, सौंदर्य. धीर, धैर्य. शूर, शौर्य. आपल्याकडेही आतला स्वर बदलतोच की. दोन्ही भाषांतली कारणं वेगळी आहेत, पण मुलाच्या मनातलं 'हे काय भलतंच' तिथे मावळतं.

आणि चूकसुद्धा दोन्हीकडे एकच होते. मराठीत 'सौंदर्यता', 'धैर्यता' असं लिहिणारे लोक आहेत. सौंदर्य हे आधीच भाववाचक, त्याला पुन्हा 'ता' म्हणजे छत्रीवर छत्री. मुलं इंग्रजीत 'ब्यूटीनेस', 'ऑनेस्टीनेस' लिहितात तेव्हा तेच करत असतात. 'ब्यूटी' हे नामच आहे, 'ब्यूटिफुल' हे विशेषण त्याच्यापासून झालं. 'अँगर' आणि 'अँग्री', 'हंगर' आणि 'हंग्री', 'लक' आणि 'लकी' ह्या जोड्यांतही नाम आधीचं. दरवेळी काहीतरी जोडायलाच हवं असं नाही, कधी काढायचं असतं.

थोड्या जोड्या खरोखर पाठच करायच्या आहेत, त्यांना इलाज नाही: 'पुअर' आणि 'पॉव्हर्टी', 'प्राउड' आणि 'प्राइड', 'वाइज' आणि 'विज्डम', 'हॉट' आणि 'हीट'. क्रियापदांपैकी 'चूज' आणि 'चॉइस', 'डाय' आणि 'डेथ', 'लूज' आणि 'लॉस', 'बिलीव्ह' आणि 'बिलीफ'. बाकी 'डिसाइड'चं 'डिसिजन', 'अराइव्ह'चं 'अरायव्हल', 'फेल'चं 'फेल्युअर' ही कुटुंबं वाचनात आपोआप येतात.

नामावरून होणाऱ्या भाववाचकांवर मात्र जरा रेंगाळते, कारण तिथे मराठी फार रंगतदार आहे. माणूस, माणुसकी. गुलाम, गुलामगिरी. मित्र, मैत्री. आणि दादा, दादागिरी! इंग्रजीत 'स्लेव्ह'ची 'स्लेव्हरी', 'फ्रेंड'ची 'फ्रेंडशिप', 'चाइल्ड'चं 'चाइल्डहुड'. 'फ्रेंडशिप'मधल्या 'शिप'चा जहाजाशी संबंध नाही, हे एकदा स्पष्ट सांगावं लागतं, कारण मुलं मनात जहाजच बघत असतात. आणि प्रत्यय दिसला की भाववाचक, असंही नाही. 'चाइल्डहुड' ही अवस्था. पण 'नेबरहुड' म्हणजे आसपासचा परिसर, जिथे रिक्षा जाऊ शकते. 'किंगडम' म्हणजे राज्य, त्याला सीमा असतात. शेपूट बघून शिक्का मारू नका, अर्थ बघा.

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मी मुलांना अभ्यास दिला होता. तीन जणांच्या बाकावर चौथी बाई येऊन म्हणते, "जरा सरका." तिघी सरकतात, चौथी टेकते. ह्या दृश्यात नामं शोधा. 'सीट', 'बॅग', 'विंडो' सगळ्यांनी लिहिलं. 'क्राउड' लिहून काहींनी त्याला ॲबस्ट्रॅक्ट म्हटलं. ते समूहवाचक, गर्दी माणसांचीच बनलेली असते. मग एका मुलीने लिहिलं 'ॲडजस्टमेंट', दुसरीने 'काइंडनेस', आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी तोंड उघडत नसे, लिहिलं 'हेल्पलेसनेस'. म्हणाला, "बाई, त्यांना काइंडनेस नव्हता, इलाज नव्हता." मी त्याला पूर्ण गुण दिले. दृश्य एकच, त्यातून कोणता गुण ओढून काढायचा हे बघणारा ठरवतो.

आता रोजच्या बोलण्यातली एक चूक, जी वर्गाबाहेर मोठ्यांनाही सुटत नाही. 'ही इज व्हेरी कॉन्फिडन्स.' 'आय हॅव नो पेशंट.' मुलाखतीला जाणारी पदवीधर मुलं हे बोलतात. खूण सोपी आहे आणि कानाने पकडता येते. शब्दाच्या शेवटी 'न्ट' वाजलं तर बहुधा विशेषण, 'न्स' वाजलं तर नाम. 'कॉन्फिडन्ट' माणूस, त्याचा 'कॉन्फिडन्स'. 'सायलेन्ट' वर्ग, त्यातला 'सायलेन्स'. 'ॲबसेन्ट' मूल, त्याचा 'ॲबसेन्स'. 'डिफरन्ट', 'डिफरन्स'. 'इम्पॉर्टन्ट', 'इम्पॉर्टन्स'. अपवाद आहेत: 'टेन्स' हे 'न्स' वाजूनही विशेषण असू शकतं. पण दहापैकी नऊ वेळा कान वाचवतो. 'पेशन्स' म्हणजे धीर, आणि पेशंटचं अनेकवचन उच्चारात अगदी 'पेशन्स'सारखंच वाजतं. डॉक्टरला दोन्ही लागतात, पण स्पेलिंग वेगळं.

ह्या चुकीच्या मुळाशी आपली मराठी वाक्यरचना आहे, आणि हे मला फार उशिरा उमगलं. मराठीत भावना माणसाकडे चालत येते. मला राग आला. मला भूक लागली. मला कंटाळा आला. मला लाज वाटली. मला खात्री आहे. वाक्याचा कर्ता राग, भूक, कंटाळा, म्हणजे भाववाचक नामच. आपण दिवसभर भाववाचक नामांत बोलतो आणि मग म्हणतो की भाववाचक नाम कळत नाही! इंग्रजी इथे उलट वागते. तिथे माणूस कर्ता आणि भावना हे त्याचं विशेषण: 'आय ॲम अँग्री', 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम बोअर्ड', 'आय ॲम शुअर'. तेव्हा मराठीतलं नाम उचलून इंग्रजी नाम ठेवलं की 'अँगर केम टू मी' होतं. मराठीत नाम दिसलं की इंग्रजीत आधी विशेषण शोधायचं. सगळीकडे नाही, हेही सांगते: 'मला सर्दी झाली' ह्याला 'आय हॅव अ कोल्ड' असं नामच लागतं, आणि तेही 'अ' लावून. तो 'अ' आणि 'हॅव' पडले तर 'आय ॲम कोल्ड', म्हणजे मला थंडी वाजते आहे.

'टेन्शन'चं तर वेगळंच. हे इंग्रजी भाववाचक नाम आपण घरात घेतलं आणि मराठी 'राग', 'ताप' ह्यांच्या पंगतीला बसवलं. टेन्शन येतं, टेन्शन घेतात, टेन्शन देतात, टेन्शन जातं. मराठीत मला ते बिलकुल खटकत नाही. पण तेच परत इंग्रजीत नेऊन 'डोन्ट टेक टेन्शन' म्हटलं की गोऱ्या साहेबाला कळत नाही काय घ्यायचं नाही. तो 'डोन्ट वरी' म्हणतो. क्रियापदावर काम भागतं.

आता वडिलांचा स्वतःचा प्रश्न, 'इन्फर्मेशन्स'चा. नाम ॲबस्ट्रॅक्ट की काँक्रीट हा अर्थाचा प्रश्न आहे. त्यावरून वाक्यात थेट काही बदलत नाही. वाक्यात बदल घडवते ती दुसरी गोष्ट: नाम मोजता येतं की नाही. शाळेत पहिल्या गोष्टीवर दोन तास जातात आणि दुसरीवर पंधरा मिनिटं. माझ्या मते हे उलटं हवं. ऑफिसात तुम्हाला कुणी विचारणार नाही की 'फीडबॅक' ॲबस्ट्रॅक्ट आहे का. पण 'फीडबॅक्स' लिहिलंत तर साहेबांचं लक्ष जाणारच.

बरीच भाववाचक नामं न मोजण्याची आहेत, त्यामुळे मुलं दोन्ही गोष्टी एक समजतात. पण 'आयडिया', 'प्रॉब्लेम', 'मिस्टेक', 'ड्रीम' ही ॲबस्ट्रॅक्ट असून खुशाल मोजता येतात. आणि 'फर्निचर', 'लगेज' ही डोळ्यांसमोर असून मोजता येत नाहीत. मराठीची मदत इथे अर्धीच मिळते. 'माहिती'चं अनेकवचन आपणही करत नाही, 'माहित्या' कानाला बोचतं, मग 'इन्फर्मेशन'ला 'एस' लावायचा मोह का व्हावा? तोच कान वापरा. 'प्रगती', 'ज्ञान' ह्यांचंही तसंच: 'प्रोग्रेस', 'नॉलेज', 'एस' नाही. पण 'सल्ला' मराठीत मोजला जातो, दोन सल्ले दिले म्हणतो, तिथे घसरतो आपण. इंग्रजीत 'ॲडव्हाइस' मोजायचा झाला तर 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. आणि 'एस'चं स्पेलिंग असलेलं 'ॲडव्हाइज' हे क्रियापद, 'सी'चं असलेलं 'ॲडव्हाइस' हे नाम. 'बातम्या' अनेकवचनी, 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही एकवचनी: 'द न्यूज इज गुड'.

मग असे काही शब्द आहेत जे दोन्हीकडे राहतात आणि अर्थ बदलतात. बायोडेटात 'टेन इयर्स एक्स्पिरिअन्स' लिहायचं, 'एस'शिवाय, कारण तिथे अनुभव म्हणजे मुरलेपण. पण लोकलमध्ये आलेले बरे-वाईट अनुभव सांगताना 'एक्स्पिरिअन्सेस' बरोबर, कारण ते एकेक प्रसंग आहेत. 'फेल्युअर' म्हणजे अपयश, 'अ फेल्युअर' म्हणजे फसलेली गोष्ट किंवा फसलेला माणूस. 'यूथ' म्हणजे तारुण्य, 'अ यूथ' म्हणजे तरुण पोरगा. 'जस्टिस' म्हणजे न्याय, पण 'जस्टिस रानडे' म्हटलं की ते महादेव गोविंद रानडे, हाडामांसाचे. मराठीने तर इथे कमाल केली आहे. न्यायाला अंग नाही म्हणून त्याला मूर्ती जोडली आणि न्यायमूर्ती हा शब्द तयार केला. आपल्याकडे मुलींची नावं आशा, प्रगती, क्षमा असतात. 'क्षमा आज शाळेत आली नाही' ह्यात क्षमा विशेषनाम. शब्दाची जात कपाळावर लिहिलेली नसते, ती वाक्यात ठरते.

आर्टिकलचंही इथेच उरकते. मराठीत 'द' नाही, त्यामुळे आपण एकतर तो सगळीकडे घालतो किंवा कुठेच नाही. भाववाचक नाम सर्वसाधारण अर्थाने आलं तर 'द' नको: 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी', सुरुवातीला 'द ऑनेस्टी' नव्हे. पण तो गुण कुणाचा हे पुढे 'ऑफ' लावून सांगितलं की 'द' परत येतो: 'द ऑनेस्टी ऑफ द रिक्षावाला'. म्हणजे गुण धर्म्यापासून ओढून काढला तेव्हा 'द' गेला, परत त्याच्या अंगाला चिकटवला तेव्हा 'द' आला. आणि गुणाची विशिष्ट छटा सांगायची असेल तर 'अ' चालून जातो: 'अ स्ट्रेंज सायलेन्स'. पण 'पेशन्स', 'प्रोग्रेस', 'लक' ह्यांना विशेषण लागलं तरी 'अ' लावायचा नाही.

साहेबांच्या ईमेलविषयी आणखी एक, न विचारलेलं. ऑफिसला भाववाचक नामांचं फार वेड. स्टेशनवर गाडी उशिरा आली की घोषणा होते, 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.' गैरसोय कुणी केली? पत्ता नाही. खेद कुणाला? त्याचाही पत्ता नाही. दोन्ही धर्म आहेत, धर्मी गायब. ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली आली, तेव्हापासून गाड्यांना उशीर होतच असेल, पण उशिराचा कर्ता काही सापडत नाही. मराठी सरकारी भाषाही कमी नाही: 'अंमलबजावणी करण्यात येईल.' कोण करणार, बाबा? जबाबदारी टाळायची असेल तर हे नाम उत्तम हत्यार आहे. काम करून घ्यायचं असेल तर क्रियापदाकडे या. 'वी विल टेक अ डिसिजन रिगार्डिंग द सबमिशन ऑफ द रिपोर्ट' ऐवजी 'वी विल डिसाइड व्हेन टू सबमिट द रिपोर्ट' लिहा. इथे 'डिसिजन' आणि 'सबमिशन' दोन्ही विरघळून क्रियापदं झाली, आणि काय ठरायचं आहे तेही आपोआप सांगावं लागलं. साहेब काय म्हणतात ते मला कळवा.

काही शब्दांवर शिक्षकांतही एकमत होत नाही, ते मुलीला सांगून ठेवा म्हणजे ती उगाच भांडणार नाही. 'स्माइल', 'नॉइज', 'डे', 'म्युझिक'. जुन्या शालेय व्याकरणांत 'म्युझिक', 'ग्रामर', 'केमिस्ट्री' अशी कला-शास्त्रांची नावं ॲबस्ट्रॅक्टमध्ये धरली आहेत. आवाज कानाला जाणवतो म्हणून 'नॉइज' कुणी काँक्रीट म्हणतं. माझ्या कुलूपबंद घराच्या कसोटीवर हसू माणसाबरोबर जातं, तेव्हा मी 'स्माइल' ॲबस्ट्रॅक्ट धरते. परीक्षेत मात्र असे सीमेवरचे शब्द लिहूच नयेत. 'ऑनेस्टी', 'ब्रेव्हरी', 'पॉव्हर्टी' लिहावं आणि गुण घेऊन घरी यावं.

राहिला तिचा पेपर. 'एअर' आणि 'घोस्ट' चूक, तिथे शाळा बरोबर. पण 'इलेक्ट्रिसिटी'वर मी थबकले असते. त्या शब्दाची शेपूट बघा: 'इटी', 'स्टुपिडिटी'वालीच. ग्रीकमध्ये 'इलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर, तो पिवळसर राळेचा खडा. घासला की तो गवताच्या काड्या ओढून घेतो. असं ओढून घेणाऱ्या पदार्थांना 'इलेक्ट्रिक' म्हणू लागले, आणि १६४६ साली थॉमस ब्राउन ह्या इंग्रज लेखकाने त्यांच्या त्या गुणाला 'इलेक्ट्रिसिटी' हे नाव वापरलं. म्हणजे हा शब्द जन्माने भाववाचकच होता, एका खड्याच्या अंगचा गुण. पुढे तो गुण तारेतून धावायला लागला, आणि आज त्याचं बिल येतं. युनिटप्रमाणे मोजून ज्याचे पैसे घेतात त्याला आता धर्म म्हणवत नाही, तेव्हा फुली बरोबरच. पण मी त्या फुलीशेजारी अर्धा गुण दिला असता, आणि तिला पुढच्या तासाला वर्गात उभं करून ही गोष्ट सांगायला लावली असती.